हिरवी फियाट आणि लोकरीचा पॅड

“ही मशीन हाय का म्हैस! दिवसभर हिले धरलं तं संध्याकाळी भाकर मोडाले हात नाही उचलायचा…”

कुरकुर अगदी डोक्यावर झाली. शामला काउंटरच्या आड उकिडवी बसून खालच्या फळीवरचं एक खोकं ओढत होती. ती उठली, आणि कुरकुरणाऱ्याच्या नाकासमोर तिचं नाक आलं. तो दचकला. मशीन मात्र हातातून सोडली नाही त्यानं, हे तिनं मनात नोंदवलं.

“म्हैस नाही, ग्राइंडर आहे तो,” ती म्हणाली. “लोखंड घासायचा. तुम्हाला काय घासायचं आहे?”

“गाडीचा रंग.”

“मग ठेवा खाली. हा फार जोरात फिरतो. रंग जाळेल आणि खालचा पत्रा दाखवेल.”

सीताबर्डीवरच्या नत्थूजींच्या अवजारांच्या दुकानात ती हिशेबाला म्हणून लागली होती, आणि हळूहळू अख्खं काउंटरच तिच्या गळ्यात पडलं होतं. बाहेर पौषातलं मळभ. ऊन नाही, धड पाऊस नाही… नुसती भुरभुर. समोरच्या ठेल्यावरची संत्री ओली होऊन निमूट बसलेली.

गिऱ्हाइकाचं नाव चंद्रभान. सदर भागात एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. पॉलिश इतके दिवस हातानंच चालायचं, पेस्ट आणि फडकं घेऊन. आता कोपर बोलायला लागलं होतं.

तिनं वरच्या फळीवरून दुसरी मशीन काढली. “हा पॉलिशर. वेग कमी-जास्त होतो. सुरुवात नेहमी हळू. आणि बाजूचं हँडल धरायचं, म्हणजे हातातून उडत नाही.”

मग पॅड. एक लोकरीचा, दाट. एक फोमचा, नुकताच दुकानात आलेला. चंद्रभाननं लोकरीच्या पॅडवरून बोटांची पाठ फिरवली — मांजर ओळखीची नसली की फिरवतात, तशी.

“दोन्ही लागते?”

“आधी लोकरीचा. तो ओरखडे कापतो. मग फोमचा. पहिल्यानं जे करून ठेवलं ते हा निस्तरतो.”

“म्हणजे नवरा-बायकोच झाले.”

“यातला नवरा कोणता?”

“माझ्या घरी तं फोमचाच राहीन,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाला.

शामलाला हसू आलं. ते कुठे ठेवलं होतं, हे ती विसरली होती. ती पटकन पुडकं बांधायला लागली. “इथे सगळे मला ताई म्हणतात.”

“ऐकलं मी.”

“तुम्ही म्हणाला नाहीत.”

“म्हणणारही नाही.”

गादीवरून नत्थूजी खाकरले. आणि मग शामलानं ते वाक्य उच्चारलं, जे दाराला कडी घालावी तसं ती प्रत्येकाच्या तोंडावर घालत असे. “माघात माझं लग्न आहे.”

“हो का…” त्याचा हात पुडक्यावर थांबला. “याच माघात?”

 तिनं सुतळीला उगाच आणखी एक वेढा दिला.

कारण लग्न माघातच होतं, नेहमीच. शरच्चंद्र साखरपुडा करून कुवेतला गेला, तेव्हाही पुढचा माघच ठरला होता. मग सुट्टी मिळाली नाही. मग कंपनी बदलली. पत्रं आखडली, पुढे नुसतं दिवाळीचं कार्ड यायला लागलं आणि गेल्या दिवाळीला तेही आलं नाही. त्याचे आईवडील भेटले की हवापाण्याचं बोलत. नत्थूजी विचारत नसत. ती राहायची त्या कोराडीच्या वीजघर कॉलनीत विषय निघाला की बायकांना चुलीवरचं दूध आठवे. सगळे इतके जपून वागत की शामलाला आपण काचेचं भांडं आहोत असं वाटे, तेही तडकलेलं.

चंद्रभान परत आला. पॅडमागची रबराची चकती हवी म्हणून. मग पेस्ट कोणती घेऊ म्हणून. मग लोकरीचा पॅड फाटला म्हणून.

तिनं पॅड उजेडात धरला. “हा कात्रीनं फाटलाय.”

“मशीन लई तेज हाय.”

“मशीन सरळ रेषेत फाडते?”

“तुम्हीच दिली,” तो गंभीरपणे म्हणाला. “माल चांगला.”

तिनं ओठ दाबले. बाहेर कोराडीची बस लागायची वेळ झाली होती, भुरभुर चालूच होती. काय झालं कुणास ठाऊक… ती म्हणाली, “आमच्या घरी एक फियाट आहे. हिरवी. तिचा रंग गेलाय. बघाल?”

तो रविवारी आला, मशीन पोत्यात गुंडाळून. कॉलनीवर वीजघराच्या धुराड्यांतली राख पडत होती. ती तिथे पडतेच. वाळत घातलेल्या साडीवर, तुळशीवर, माणसांच्या भुवयांवर. शामलाचे वडील महादेवराव अंगणात गाडीशी उभे होते, खांद्यावर कोरडं फडकं. वीजघरातून निवृत्त झाले तेव्हा एका बदलून गेलेल्या साहेबाकडून त्यांनी ही फियाट घेतली होती. शामलाची पाठवणी हिच्यातूनच करायची म्हणून.

चंद्रभाननं बॉनेटला गाल लावावा इतकं वाकून पाहिलं. साऱ्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी पसरली होती.

“काका, हिले पुसते कोण?”

“मीच. रोज सकाळी,” महादेवराव अभिमानानं म्हणाले. “कोरड्या फडक्यानं. पाण्यानं गंज धरते नं.”

“राख झटकून?”

“राखच तं पुसतो गा!”

चंद्रभान थोडा अडखळला. “काका… राख म्हणजे बारीक काचच. पाणी टाकून आधी वाहू द्या लागते. ही जाळी… पुसण्याचीच हाय.”

महादेवरावांनी खांद्यावरचं फडकं काढलं, त्याच्याकडे पाहिलं, घडी घातली. “मी तं जपून राहिलो होतो हिले,” ते हळूच म्हणाले.

शामलानं बादल्या आणल्या. गाडी धुतली, वायर खिडकीतून ओढली, मशीन घुमायला लागली. लोकरीचा पॅड हळूहळू हिरवा होत गेला.

“हे काय?” महादेवराव घाबरले.

“रंगच हाय. ओरखडा निघत नाही काका. त्याच्या आजूबाजूचा रंग खाली उतरवतो आपण, तवा तो दिसत नाही.”

“मग असं किती वेळा करता येते?”

“लई वेळा नाही.”

डिकीशी येऊन मशीन थांबली. तिथे एक लांब चरा होता. चंद्रभाननं नख फिरवलं, नख अडकलं. “हा खोल हाय. काढाले गेलो तं पत्रा दिसन. कशाचा हा?”

महादेवरावांनी नजर तुळशीकडे वळवली. स्टेशनावर सोडायला नेताना शरच्चंद्रची लोखंडी ट्रंक लागली होती तिथे. कुंपणापलीकडे कान देऊन उभी असलेली शेजारची रंभाबाई एकाएकी मिरच्या वाळवायला लागली, तेही अशा मळभात.

“राहू दे तो,” महादेवराव म्हणाले.

दुपार कलली. फोमचा पॅड फिरला, आणि हिरव्या बॉनेटमध्ये राखाडी आभाळ दिसायला लागलं. शामला त्यात वाकून पाहत होती. तिच्या चेहऱ्यामागे चंद्रभानचा चेहरा आला… दोघंही हलले नाहीत.

मग त्यानं घसा साफ केला. “काका, वॅक्स बाकी हाय. ते लग्नाच्या आदल्या दिवशी लावलेलं बरं, चमक टिकते. तं… तारीख कोणती?”

सवयीनं शामलाचे ओठ हलले. “मा—”

“तारीख नाही गा,” महादेवराव म्हणाले. फडक्याची घडी त्यांच्या मुठीत चुरगळली होती. “शरच्चंद्र येत नाही. त्याच्या बापाले माहीत हाय. मले माहीत हाय. त्या रंभाबाईलेही माहीत हाय.”

रंभाबाईच्या मिरच्या थांबल्या.

“मलेही माहीत हाय, बाबा.” दुकानातली शुद्ध भाषा शामलाच्या तोंडून कुठल्या कुठे गळून गेली होती.

ते तिच्याकडे वळले.  “तुले माहीत होतं? मग या पोराले गाडी चमकवाले काहून बोलावलं वं?”

चंद्रभान हातातला हिरवा झालेला पॅड उलटसुलट करत होता. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

“गाडीसाठी नाही बोलावलं, बाबा,” शामला म्हणाली. “माझ्यासाठी बोलावलं.”