बोलेल त्याला चिकटेल

माणसाच्या मनातली मते टिपणाऱ्या चित्तालेख यंत्राच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका सरकला आणि मंजिरी हडपने टाळी वाजवली. लोकमानस संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतले सगळे तिच्याभोवती जमले. डॉ. सुलभा टिकेकर तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"बघा ना ताई," मंजिरी यंत्राखाली बसलेल्या माणसाकडे बोट दाखवत म्हणाली. "या गृहस्थांना महिन्यापूर्वी एका बाईंनी सांगितलं, की त्यांची शेजारीण कंजूष आहे. आज यांच्या मनात शेजारणीचं नाव पार पुसट झालंय. 'कंजूष' मात्र जसाच्या तसा. चिकटलाय कुणाला?"

"सांगणाऱ्या बाईंना," सुलभाताई कोरडेपणाने म्हणाल्या.

"हो! कुणाबद्दल बोललं ते मन विसरतं. बोलणारं तोंड लक्षात ठेवतं. निंदेचं तसं, स्तुतीचंही तसंच."

हा गुणसंक्रमणाचा नियम. लोकांची मते कशी बनतात याचा शोध घेण्यात सुलभाताईंचे केस पांढरे झाले, आणि नियम सापडला तो या कालच्या पोरीला! आता नव्या केंद्राचे संचालक नेमायचे होते, आणि नावे दोघींचीच होती. सुलभाताईंना ती खुर्ची हवी होती. त्याहून जास्त, ती मंजिरीला मिळायला नको होती.

मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. सुलभाताई मात्र हुशार झाल्या. मंजिरीचाच नियम त्यांनी कामाला लावला. निवड मंडळातल्या एकेका सभासदाला त्या चहाला बोलावू लागल्या आणि तोंड भरून मंजिरीचे कौतुक करू लागल्या.

"काय कल्पक मुलगी आहे हो! आणि सचोटीची किती!"

एकेक शब्द बाहेर काढताना त्यांचा जीव जळत असे. पण नाव गळून पडेल आणि गुण आपल्याला चिकटतील, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

नुसती स्तुती करून थांबणे मात्र त्यांच्या जिभेला कधीच जमले नव्हते. शेवटी 'पण' यायचाच.

"पण तिला खुर्चीचा मोह नाही हं," त्या प्रेमळपणे सांगत. "प्रयोगशाळेतून उठवलंत तर कोमेजून जाईल बिचारी."

या वाक्यावर त्या स्वतःच खूश होत्या. ऐकायला गोड, आणि मंजिरीचा पत्ता परस्पर कट!

महिना-दीड महिन्याने मंडळाचे अध्यक्ष दाभाडकर सर त्यांच्या खोलीत आले. चेहरा आदराने नुसता ओथंबला होता.

"सुलभाताई, तुमच्याइतकं कल्पक आणि सचोटीचं माणूस या संस्थेत नाही. मंडळाचं एकमत आहे."

सुलभाताईंनी पदर सारखा केला. जिंकले!

"म्हणून तर धर्मसंकट होतं," सर पुढे म्हणाले. "पण तुम्हाला खुर्चीचा मोह नाही, हे काय आम्हाला ठाऊक नाही? प्रयोगशाळेतून उठवलं तर तुम्ही कोमेजून जाल. तेव्हा मंजिरीलाच नेमलं. तिला ती जागा अगदी मनापासून हवी आहे."

"असं... ती म्हणाली?"

"हो, तिच्याच तोंडून ऐकलंय मी."

तेवढ्यात मंजिरी धावत आली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, हे कसं झालं हो? मी तर प्रत्येकाला सांगत होते, सुलभाताईंना ही जागा मनापासून हवी आहे, त्यांनाच द्या म्हणून!"

सुलभाताई तिच्याकडे बघत राहिल्या. हे पाणी खरे, की हा साळसूदपणा? नियम तिचाच होता. तिला कळले नसेल? पण हे आपल्याला कळणार कुठून? चित्तालेखाखाली बसायला ती थोडीच तयार होणार होती!

"मग, ताई," दाभाडकर सर हसून म्हणाले, "आमच्या नव्या संचालकांबद्दल तुमचं काय मत?"

'कपटी' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला. सुलभाताईंनी तो गिळला. तो कुणाला चिकटणार, हे त्यांच्याइतके चांगले कुणाला माहीत होते?

"फार गुणी मुलगी आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढचा 'पण' त्यांनी दाताखाली घट्ट दाबून धरला.