महिपतकाकांची तहान

हे खरं घडलंय. मागच्या मे महिन्यात, ठाण्याच्या कोपरीत, माझ्या आत्याच्या घरी. आणि रात्री नाही... भर दुपारी.

मी रसिका. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय. भुतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय, कारण "भास झाला असेल" हे ऐकून आता वीट आलाय.

आत्याचं हृदय थकलं होतं. घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "आयसीयूत नेलं तर मशीनवर काही दिवस वाढतील, पण बऱ्या होणार नाहीत. घरी ठेवलंत तर निदान त्रास कमी ठेवता येईल."

"घरीच," आत्या म्हणाली. "नळी घालून मरायचं नाही मला."

तिचे यजमान, महिपतकाका, व्हेंटिलेटरवर गेले होते. तोंडात नळी. ती उपटू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले. आत्या तुळशीचं पान आणि पाणी घेऊन काचेबाहेर उभी होती. आत सोडलं नाही. शेवटचं पाणी तसंच घरी परत आलं.

मी तिच्या सोबतीला राहायला गेले. दुसऱ्याच दुपारी...

उशाशी ठेवलेल्या ग्लासावरची ताटली वाजली.

आत्या झोपलेली. घरात आम्ही दोघीच. पाणी मात्र निम्मं झालेलं.

मांजर? खिडक्यांना जाळ्या. उन्हाने आटलं? वर ताटली होती. आत्या? तिला कूस बदलायलाही मी लागायचे. मी ग्लासावर पेनाने खूण केली आणि समोर मोबाईल लावला.

रेकॉर्डिंगमध्ये कुणीच नव्हतं.

पाणी हळूहळू खाली जात होतं... घोटाघोटाने.

आणि पलंगाच्या पलीकडे, फरशीवर, तेवढंच सांडलं होतं.

आत्याला दाखवलं. ती घाबरली नाही. "पिऊ देत गं त्यांना. तहानलेलेच गेले."

"पण पाणी खाली कसं सांडतं, आत्या?"

"गिळतील कसे? नळी आहे ना अजून..."

शनिवारी दुपारी तिचा मुलगा, सर्वेशदादा, डोंबिवलीहून आला. खाली अँब्युलन्स उभी करूनच वर आला.

"रसिका, बाजूला हो. आईला असं मरायला सोडणार नाही मी."

"दादा, ती नाही म्हणालीय. पूर्ण शुद्धीत."

"तुझं ते जंतूंचं शिक्षण तुझ्याकडे ठेव! उद्या सगळे मलाच म्हणतील, पोराने हॉस्पिटल टाळलं."

मी दारात आडवी उभी राहिले. हटणार नव्हते.

पलंगावरून आत्या बोलली, "बापाच्या वेळीही लोकांनाच घाबरलास, सर्वेश. हात बांधायला हो म्हणालास."

दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. स्ट्रेचरवाल्यांना हाक मारायला त्याने तोंड उघडलं...

आवाज आला नाही.

मान मागे गेली. जबडा तसाच उघडा राहिला. डोळ्यांतून पाणी. तो घशाकडे बोट दाखवत होता. मी टॉर्च मारून पाहिलं. घसा मोकळा होता. जीभ मात्र एका बाजूला दाबली गेली होती... वर काहीतरी ठेवल्यासारखी.

आत्या हसली.

"कसं वाटतंय? हात पण बांधू?"

मग ती माझ्या मागे, रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणाली, "अहो, सोडा त्याला. पोर आहे. आणि मी येतेच आहे... पण माझ्या मर्जीने."

दादा खोकत खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने ड्रायव्हरला फोन केला. "जा तुम्ही. आई घरीच राहील."

त्याच आठवड्यात आत्या गेली. दुपारीच. औषधामुळे वेदना नव्हत्या. दादाने चमच्याने पाणी पाजलं. तिने गिळलं. मी स्वतः पाहिलं.

नातेवाईक अजून नावं ठेवतात. ठेवू देत. परत वेळ आली तरी मी दारात उभी राहीन.

फक्त एक कोडं मला सुटत नाही.

आत्या गेल्यावर डॉक्टरीणबाई नाडी तपासून गेल्या. खोली शांत झाली. आणि त्या शांततेत...

कुणीतरी श्वास घेत होतं.

एकसारखा. ठरावीक अंतराने. माणूस घेत नाही तसा... मशीनने दिल्यासारखा.

दादालाही ऐकू आला. मी मोठ्याने म्हणाले, "काका, पुरे आता."

दादा उठला आणि घरातलं एकेक बटण बंद करत सुटला. पंखा थांबला. फ्रिज थांबला.

श्वास चालूच होता.