डाव्या बाजूची थाप

ज्यांना वाटतं असलं काही फक्त रात्रीच घडतं, त्यांना आधीच सांगतो. हे भरदुपारी घडलं. मंगळवारी, पावणेचार वाजता, माझ्या मामांच्या स्वयंपाकघरात.

विश्वास ठेवा, नका ठेवू. शेवटच्या वेळी मी स्वतः हजर होतो.

मामा फ्रिज दुरुस्त करायचे. एक्केचाळीस वर्षं. दुसरे मेकॅनिक हात वर करायचे, तिथून मामांचं काम सुरू व्हायचं. एकाचा पार्ट दुसऱ्याला, तिसऱ्याची वायर चौथ्याला. "टाकून द्या" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत.

"अजून चालेल," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या घरचा फ्रिज चौतीस वर्षांचा होता. रोज दुपारी पावणेचारच्या सुमारास हटकून बंद पडायचा. मग मामी उठायची आणि डाव्या बाजूला तळहाताने एक थाप द्यायची.

गुर्रर्र... चालू!

दुसऱ्या कुणाच्या थापेला तो दाद द्यायचा नाही. मामांच्याही नाही. थाप पडली नाही तर रात्रीपर्यंत तसाच बंद राहायचा. तिथला रंग मामीच्या पंजाएवढा उडाला होता.

"जगाचे फ्रिज नीट करता अहो, आणि घरच्याला मी चापट्या मारत बसते!" मामी म्हणायची.

"चालतोय ना? मग झालं तर."

मग मामी अंथरुणाला खिळली. आठ महिने. डॉक्टरांनी आशा सोडली, मामांनी नाही. अजून एक नळी, अजून एक इंजेक्शन. तिचे नुसते हाल झाले.

"पुरे झालं आता," ती म्हणायची. "सोडा मला."

"काहीतरीच काय बोलतेस? अजून चालेल गं."

शेवटचा महिनाभर ती बोललीच नाही. नुसती बघायची त्यांच्याकडे.

ती गेली. तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी फ्रिज नेहमीसारखा बंद पडला. मामांनी थाप मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. ते हत्यारांची पेटी आणायला आतल्या खोलीत गेले.

आणि...

थाप.

गुर्रर्र.

मामा धावत बाहेर आले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तेच. तिसऱ्या दिवशीही.

घाबरायचं सोडून मामा खूश! साडेतीनलाच दोन कप चहा मांडून, पाठ वळवून बसायचे. ते बघत राहिले की थाप पडत नव्हती, म्हणून. मला फोनवर म्हणाले, "तुझी मामी कुठे गेली नाहीये रे." मला त्यांची दया आली. वाटलं, एकटेपणाने भ्रम झालाय.

मग एक दिवस फ्रिज नेहमीपेक्षा जास्त घरघरला. मामांच्या काळजात धस्स झालं. हा कायमचा बंद पडला तर ती येणार कशाला? त्यांनी मागचा पत्रा उघडला. मोटर सुरू करणारा रिले पार झिजला होता. एक्केचाळीस वर्षांची सवय, हात थांबतो थोडाच? नवा रिले बसवला.

फ्रिज सुरळीत चालू लागला. पावणेचार वाजले. चार वाजले.

फ्रिज अडेना. थाप पडेना.

मामांनी कपाळावर हात मारला. जुना रिले शोधून परत बसवला. फ्रिज पुन्हा अडू लागला. पण थाप नाही... ती नाहीच. दोन कप चहा रोज गार व्हायचा. मामांचं खाणं सुटलं, जगण्यातलं लक्षच उडालं.

मग तो मंगळवार आला. फ्रिज बंद पडला आणि त्याच क्षणी मामांच्या छातीत कळ आली. ते फरशीवर कोसळले. श्वास अडला. हातपाय गार पडत गेले. त्यांना भीती वाटली नाही. सुटलो, असंच वाटलं.

सगळं शांत झालं...

थाप.

फ्रिजवर नाही. मामांच्या पाठीवर. डाव्या बाजूला.

हृदय धडधडू लागलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. "हे हृदय चालतंय कसं, तेच कळत नाही," म्हणाले. मग विचारलं, "पाठीवर कुणी मारलं का?"

तिथे पंजाएवढा काळानिळा डाग होता.

त्याला दोन वर्षं झाली. मामा आता अंथरुणात आहेत, हाडांचा सापळा झालाय नुसता. कूस बदलली तरी कळवळतात. फ्रिजची पिन मीच काढून ठेवली.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. पावणेचारला त्यांचा श्वास थांबला. मी नाडी पाहिली. लागेना. डोळे भरून आले, पण खरं सांगतो, मनात म्हटलं, सुटले बिचारे.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मामा कुशीवर, पाठ माझ्याकडे.

मी स्वतः ऐकली... थाप.

त्यांचा सदरा पाठीवर दबला गेला. पाच बोटं उमटली आणि विरली.

मामांनी डोळे उघडले. मला पाहिलंच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत हात जोडले.

"पुरे झालं गं आता," ते रडत म्हणाले. "सोड मला."



माझ्या बोटांखाली त्यांची नाडी चालू होती. ठणठणीत. अजून कितीतरी वर्षं चालेल अशी.

आज पुन्हा मंगळवार आहे. तीन वाजून गेलेत. मला तिकडे जायला हवं, आणि पाय उचलत नाही.