ओळख पटवून न्यावी

वाचनालयाच्या सूचना फलकावर, मयतीची खबर आणि 'लूम दुरुस्तीला जॉबर पाहिजे' यांच्यामध्ये, ती चिठ्ठी टोचलेली होती. 'रविवारच्या निकाहात एक चीज सापडली आहे. ओळख पटवून न्यावी. — जब्बार, लूमच्या सुट्या भागांचं दुकान, समोर.'

माझ्या मोठ्या बहिणीचा, माजिदा आपाचा हरवलेला झुमका! तिच्या सासूनं दिलेला, आपानं हौसेनं मला त्या निकाहात घालायला दिलेला. शुक्रवारी ती कशेळीला सासरी निघणार होती, एका कानानं कशी जाणार?

पण 'एक चीज' कशाला? सरळ 'झुमका' लिहायला याची शाई संपली होती का… यात काहीतरी डाव आहे, असा मला तिथंच संशय आला.

"झुमका आहे. चांदीचा, हिरव्या खड्याचा," मी दुकानात जाऊन म्हटलं.

"असं दोघी सांगून गेल्या," जब्बार नटबोल्ट निवडत म्हणाला. "दुसऱ्या कानातला आणा."

बुधवारी मी तो आणला. त्यानं उजेडात धरून पाहिला. माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं.

"असे बाजारात पुष्कळ मिळतात… उद्या या."

हा माणूस झुमका विकून मोकळा झालाय, असंच मला वाटलं. तरी रात्री त्याचे डोळे आठवत राहिले, त्याचा वेगळाच राग आला.

गुरुवारी मी तडकलेच. "हरवलेल्या झुमक्याची कडी तुटलीय. मी धाग्यानं बांधलीय."

"कशी?" त्यानं धागा पुढे केला.

आमच्या घरी चार लूम. तुटलेला धागा सांधायची गाठ मला झोपेतही येते. मी ती मारून दाखवली. तो हाताकडे बघतच राहिला.

"डाव्या हातानं… निकाहातही तुम्ही डाव्या हातानंच सरबत देत होता. तुमच्या अम्मीनं हात बदलायला लावला."

मी धागा खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही मला पाहिलं होतं. झुमका शोधतानाही?"

"…हो."

"आणि त्या दोघी?"

"कुणीच आलं नाय." त्यानं स्वच्छ रुमालात बांधलेला झुमका काढला. "घरी आणून दिला असता तर तुमच्या भाईजाननी दारातूनच घेतला असता. तुम्ही रोज वाचनालयात येता, फलक वाचता… म्हणून."

संशय खरा निघाल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पण तोंडावर दिसू दिला नाही. झुमका घेतला, रस्ता ओलांडला आणि फलकावरची चिठ्ठी काढली. तो मागोमाग आला होता.

"आता परत कशाला याल तुम्ही?" त्यानं हळूच विचारलं.

"मी नाही येणार." मी चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. "तुमच्या अम्मीला आमच्या घरी पाठवा. म्हणावं… ओळख पटवून न्यावी."