मिथेनखालच्या भेंड्या

शनीच्या टायटन या चंद्रावरच्या किनारातळाच्या संपर्ककक्षात शर्वाणी गात होती. समोरच्या मिथेनच्या समुद्राच्या तळाशी, एका द्रवबुडीत तिचा नवरा विश्राम अडकला होता. टाक्या उपसणारा पंप बंद पडला होता आणि प्राणवायू जेमतेम उद्यापर्यंत पुरणार होता. त्याचा धीर सुटू नये म्हणून कालपासून दोघं गाण्याच्या भेंड्या खेळत होती.

"सूर फारच खाली गेलाय तुझा," तिनं चिडवलं.

"मीच खाली गेलोय. सुराला कशाला नावं ठेवतेस?"

तेवढ्यात द्रवशास्त्रज्ञ मुजावर सर आत आले. त्यांनी तिला ध्वनिप्रेषक बंद करायला लावला. पंप नसला तरी द्रवबुडी आपोआप वर यायला हवी होती, कारण ती समुद्रापेक्षा किंचित हलकी होती. शर्वाणीला मघाशी डुलकी लागली, तेव्हा बुडी वर सरकलीही होती. शर्वाणीनं उठून हाक मारली आणि बुडी पुन्हा तळाला टेकली.

"या मिथेनमध्ये हवेतला नायट्रोजन विरघळलाय," सर म्हणाले. "त्यानं द्रव जड होतो, आणि जड द्रवच बुडीला उचलून धरतो. जरा ऊब लागली की नायट्रोजन सुटतो, सोड्यासारखा फसफसतो. उरलेला द्रव हलका, त्यात फेस. फेसावर काय तरंगणार?"

"पण ऊब कुठून येईल? बुडीच्या कवचातून तर काहीच बाहेर येत नाही."

"बुडीचा ध्वनिप्रेषक कवचाच्या बाहेर आहे. बोलला की तापतो. तू नुसती हाक मारलीस तरी यंत्र आपोआप पोच देतं."

ज्या गाण्यांनी ती त्याला धरून ठेवत होती, तीच त्याला खाली दाबत होती.

सरांनी शेवटचं एकदा बोलू दिलं. तिनं विश्रामला थोडक्यात सगळं सांगितलं.

"माझं गाणं 'म'वर संपलंय. तुझं वर आल्यावर म्हण. तोवर एक शब्द नाही."

"मग हरलो म्हणशील."

"नाही म्हणणार."

"आणि तू?"

"मीही गप्प."

मग, "बरं."

प्रतिध्वनियंत्रावरचा बुडीचा ठिपका किती तरी वेळ हलला नाही. भोवतालचा द्रव निवून त्यात नायट्रोजन पुन्हा विरघळायला वेळ लागणार, हे तिला कळत होतं. तरी तो गुदमरला असेल का, निदान एवढं विचारावं, असं वाटून हात सारखा बटणाकडे जाई. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग ठिपका वर सरकला.

पोशाख चढवून ती धक्क्यावर धावली. नारिंगी धुक्यात, हाकेच्या अंतरावर, द्रवबुडीची पाठ वर आली. शर्वाणीचा हात शिरस्त्राणावरच्या संपर्काच्या बटणाकडे गेला, तसं सरांनी तिचं मनगट धरलं.

"धक्क्यावरच्या यारीचा आकडा बुडीला बसेपर्यंत नाही. तो अजून त्याच द्रवावर तरंगतोय."

खिडकीत दिवा होता, आणि दिव्यापाशी विश्रामचा चेहरा. त्यानं तिला पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटले, मग उघडले, आणि पुढे हलतच राहिले.

'म' होता. गाणं कुठलं, ते मात्र तिला कळेना.