टोमाचं बारावं चाक

ओत्ताव्हियो बेर्रूती रविवारी सकाळी मेला. तो मरत होता तेव्हा त्याच्यापासून वीस पावलांवर तीनशे माणसं मजेत खात-पीत होती.

तोरिनोमधल्या जुन्या टोपी कारखान्यात भरणाऱ्या त्या बाजारात त्याचा चीजचा गाळा होता. दुपारी एक वाजता मासेवाल्या गास्पारेनं कोळंबी काढायला डीप फ्रीझरच्या खोलीचं दार उघडलं आणि ओत्ताव्हियो त्याला भिंतीशी बसलेला दिसला. अंगात सदरा, वर एप्रन, भुवयांवर बर्फ.

बुधवारी त्याची बायको क्लेलिया एर्सिलिया गाव्होत्तीच्या स्वयंपाकघरात आली. एर्सिलियाची खाजगी चौकशीची कचेरी म्हणजे तेच स्वयंपाकघर. तिचा मेहुणा नेव्हियो चुलीवर कॉफी ठेवत होता. तीस वर्षं ट्राम चालवून तो निवृत्त झाला होता. बायको गेल्यापासून तो मेहुणीच्या मागेमागे फिरे आणि तिच्या वाटचं खाई.

"पोलिस म्हणतात, अपघात," क्लेलिया म्हणाली. "चीजचं चाक ठेवायला आत गेले, दार आपोआप लागलं, आतून उघडायचा खटका मोडलेला. एकाहत्तर वर्षांचे, त्यात हृदय कमजोर. मिटवलं त्यांनी प्रकरण."

"तुम्हाला पटत नाही."

"गोठवलेलं चीज म्हणजे मढं, असं म्हणायचे ते. एकदा मी घरी चीजची साल फ्रीझरमध्ये ठेवली, तर पाहुण्यांसमोर ती मला चावून खायला लावली. सगळी." पाककृती सांगावी तशा आवाजात ती सांगत होती. "तो माणूस आपल्या हातानं तिथे चाक नेणार नाही, सिन्योरा."

"आवडायचे का ते तुम्हाला?"

"मी नवरा गमावलाय. आवडीचं विचारू नका."

नेव्हियोनं तिच्यापुढे कॉफी ठेवली. तिनं ती न फुंकता एका घोटात संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाजारात गेले. लोखंडी खांबांखाली गर्दी दाटली होती. हॅमच्या तंगड्या टांगलेल्या, पावांचे ढीग लागलेले, वाइनच्या गाळ्यावर दहा वाजताच दोन म्हाताऱ्यांचं भांडण जुंपलेलं. नेव्हियोला तळलेल्या मासोळीचा वास आला आणि त्याची पावलं मंदावली.

"आधी काम," एर्सिलिया म्हणाली.

गास्पारे मानेनं जाडा आणि बोलण्यात फटकळ होता. "पोलिसांना सांगितलं तेच सांगतो. खटका पंधरा दिवसांपूर्वी मोडला. मी सगळ्यांना बजावलं होतं, दाराला खोका लावल्याशिवाय आत जाऊ नका म्हणून. ओत्ताव्हियोला तर तीनदा ओरडून सांगितलं. म्हणतो कसा, 'साडेआठ वाजलेत!' म्हटलं, वेळ नाही विचारत, बाबा, खटका सांगतोय. तर मलाच तोतरा म्हणाला."

"तुमचं त्यांच्याशी बरं नव्हतं."

"माझ्या गाळ्यावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा. गिऱ्हाइकांसमोर. मी रडणार नाही त्याच्यासाठी. पण रविवारी नऊ ते एक मी इथून हललो नाही, आणि फ्रीझरकडेही कोणी गेलेलं मला दिसलं नाही. माझी पाठ तिकडे असते. त्यात हे बर्फ फोडायचं यंत्र, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही."

त्यानं फ्रीझर उघडून दाखवला आणि दाराशी खोका सरकवला. ओत्ताव्हियोच्या मुठीत त्याची पितळी हातोडी सापडली होती. चाक आतून भरीव की पोकळ, हे आवाजावरून ओळखायला ठोकायची ती हातोडी त्याच्या एप्रनच्या खिशात कायम असे. नेव्हियोनं दारावरून बोट फिरवलं.

"इथे चार-पाच पोचे आहेत. बिचाऱ्यानं दार ठोठावलं."

"आणि इथे?" एर्सिलिया मागच्या भिंतीपाशी उभी होती. तिथला पत्रा पोच्यांनी भरला होता.

"भांबावला असेल. दार कुठे, भिंत कुठे, कळलं नसेल."

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"अर्ध्या भागात दिर्चेचा पास्ता," गास्पारे म्हणाला, "अर्ध्यात ओत्ताव्हियोचाच गाळा."

कोळंबीच्या खोक्यांवर टोमा चीजचं ते चाक तसंच पडून होतं. पोलिसांना ते नको होतं आणि गास्पारेला त्याला हात लावायचा नव्हता. चाकावर खडूची एक बरोबरची खूण होती. एर्सिलियानं ते बाहेर आणून मधोमध कापलं. आत मुठीएवढी पोकळी, तिला काळी बुरशी. तिनं कडेचा तुकडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. "कडूजहर."

"गोठल्यामुळे," नेव्हियो म्हणाला.

"गोठल्यानं बुरशी धरत नाही रे."

पास्त्याच्या गाळ्यावर दिर्चे आन्योलोत्ती मुडपत होती. पिठाच्या पातळ पट्टीत सारणाचा गोळा, एक चिमटा, की पुढचा. बोलतानाही तिचे हात थांबले नाहीत.

"वाईट मेला. पण वाईटच होता. गेल्या महिन्यात स्वतःच्या मुलीचे, नोएमीचे, डोळे बांधले, भर गर्दीत. चव ओळख म्हणाला आणि तोंडात मेणबत्तीचा तुकडा घातला. पोरीनं चावला. त्रेचाळीस वर्षांची पोर. लोक हसले, मीही हसले. 'हिला जीभ नाही, कान तर मुळीच नाही, लाकूड आहे' म्हणाला."

"रविवारी तो दिसला होता तुम्हाला?"

"दिसला नाही, ऐकू आला. गाळ्यात चाकं ठोकत होता ना. टोक टोक, टोक टोक. नऊ वाजून गेले तेव्हा जे लावलं ते सव्वादहापर्यंत. थांबला तेव्हा म्हटलं, सुटले."

"तिकडे वाकून बघितलं नाही?"

"मध्ये फळी आहे. आणि त्याच्याकडे बघायची हौस कोणाला?"

चीजच्या गाळ्यावर नोएमी एकटीच होती. उंच, रुंद खांद्यांची, केस रुमालात बांधलेले. समोर पाच-सहा गिऱ्हाइकं, मागे मांडणीवर टोमाची अकरा चाकं.

"बाबा नऊला कॉफी प्यायला बाहेर पडले," ती म्हणाली. "परत आलेच नाहीत. मी एकपर्यंत इथेच होते, गर्दी होती."

"त्यांनी चाक फ्रीझरमध्ये का ठेवलं असेल?"

"वय झालं होतं. विसरायचे."

"ही खडूची खूण?"

"शनिवारी बाराही चाकं त्यांनी स्वतः ठोकून पास केली. त्याची."

"मला एक नेव्हियोसाठी घ्यायचंय. चांगलं बघून द्याल?"

नोएमीनं वळून बोटाच्या पेरानं एकेक चाक ठोकलं. प्रत्येकी दोन ठोके. वाइनच्या गाळ्यावर कोणीतरी मोठ्यानं हसत होतं, कुठेतरी ताट पडलं. तिनं मान वर केली नाही. "अकराच्या अकरा भरीव आहेत. कोणतंही घ्या."

नेव्हियोला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानं चाक काखेत मारलं आणि खूश झाला.

तीन ते चार बाजार बंद असतो. त्या वेळी एर्सिलियानं क्लेलियाला बोलावून घेतलं. चीजच्या गाळ्यात सगळी जमली. गास्पारे हात बांधून उभा राहिला, दिर्चे पिठाचे हात पुसत आली, नोएमी काउंटरमागेच होती. क्लेलियाला लेकीसमोर स्टूल दिलं.

"हा अपघात नाही," एर्सिलिया म्हणाली. "ओत्ताव्हियो एक चीज वाचवायला आत धावले, म्हणून कोट घातला नाही. चाक दुसऱ्या कोणीतरी आधीच आत ठेवलं होतं आणि त्यांना तसं सांगितलं. खटका मोडलाय हे बाजारभर माहीत होतं. त्यांना मात्र ते नीट ऐकूच आलं नव्हतं."

"मी तीनदा ओरडलो," गास्पारे म्हणाला.

"आणि त्यांनी वेळ सांगितली. बहिरे होत चालले होते ते. कबूल करत नव्हते, एवढंच. म्हणून शनिवारी बारा चाकांतलं एक पोकळ चाक त्यांच्या कानातून निसटलं. त्यावरही त्यांनी खूण केली. आमिषाला नेमकं तेच चाक वापरलं गेलं."

"योगायोग असेल," नेव्हियो म्हणाला.

"बारांत एक, असूही शकेल. पण बाहेरून सगळी सारखी. गास्पारेनं हाताला येईल ते उचललं असतं, दिर्चेनंही. हे ज्यानं निवडलं, त्याला ओत्ताव्हियोपेक्षा चांगला कान होता. आणि माणूस मारतानाही चांगलं चाक वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं."

कोणीच नोएमीकडे पाहिलं नाही.

"तरी हा नुसता तर्क. म्हणून दिर्चेचं ऐका. सव्वा तास इथे कोणीतरी चाकं ठोकत होतं. नोएमी म्हणते, बाबा बाहेर गेले होते आणि इथे ती एकटी होती. मग ठोकत कोण होतं?"

दिर्चेच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ओत्ताव्हियो गाळ्यात आहेत, असं दिर्चेला वाटत होतं. ते गाळ्यात नाहीत हे पक्कं माहीत असलेलं एकच माणूस या भिंतीला पाठ लावून उभं होतं. तो आवाज भिंतीतून येतोय हे नोएमीला कळत होतं. पोलिसांना तिनं त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. मलाही नाही."

दिर्चे भिंतीकडे बघत राहिली. "मी त्या ठेक्यावर आन्योलोत्ती मुडपत होते," ती कशीबशी म्हणाली.

नोएमीनं रुमाल सोडला आणि केस मोकळे केले. चेहऱ्यावर रागही नव्हता, भीतीही नव्हती.

"मी दार लावलं नाही. ते आपोआप लागतं," ती म्हणाली. "मी फक्त म्हटलं, बाबा, गास्पारेनं आपलं चाक फ्रीझरमध्ये टाकलंय. दोनदा ओरडून म्हणावं लागलं."

"उघडता आलं असतं तुला. सव्वा तास," गास्पारे म्हणाला.

"हो. गिऱ्हाइकं होती."

नेव्हियो मांडणीला टेकला आणि पाठीला चाकं लागताच पुढे सरकला.

क्लेलिया तोवर मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. तिनं विचारलं, "त्यांना कळलं होतं? तू ऐकतेयस म्हणून?"

"कळलं होतं."

"कशावरून?"

"आधी दारावर ठोकलं, मग वेडंवाकडं भिंतीवर. अर्ध्या तासानं शिकवायचे तसं ठोकायला लागले. मी दहा वर्षांची असताना तळघरात उभी करायचे ना, तसं. दोन ठोके मारायचे आणि थांबायचे. भरीव की पोकळ, ते मी सांगायचं. चुकले की हातोडी बोटांवर." तिनं डावा हात काउंटरवर ठेवला. करंगळी वाकडी होती. "तसंच ठोकत होते. दोन ठोके, मग वाट बघायची. मी इथे आहे, हे ओळखूनच."

"मग?"

"मग मी दर वेळी उत्तर दिलं. हळूच. समोरच्या बाईला वाटलं मी तिच्याशी बोलतेय."

एर्सिलियानं फोन काढला, पण नंबर न लावता ती क्लेलियाकडे बघत राहिली. "तुम्ही मला विचारलंत म्हणून मी शोधलं, सिन्योरा. फोन तुम्ही म्हणाल तेव्हा करते. पण करणार."

"त्या दिवशी साल मी खाल्ली, तेव्हा ही टेबलाशी होती," क्लेलिया म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही. "सात वर्षांची. मी हिला म्हटलं, गप जेव."

नोएमी आईकडे पाहत होती. म्हातारी वर बघेना.

"करा फोन," क्लेलिया अखेर म्हणाली. "आणि ते येईपर्यंत मला कोणीतरी हिच्यासमोरून उठवा."

नेव्हियो पुढे झाला. त्यानं तिला दंडांना धरून उभं केलं. तिचं वजन काहीच नव्हतं. वाइनच्या गाळ्यापर्यंत नेऊन त्यानं तिला पाठमोरी खुर्चीत बसवलं, आणि पोलिस येईपर्यंत तो तिच्या आणि चीजच्या गाळ्याच्या मध्ये उभा राहिला.