मुठीतली वाळू

सन २०४३ मधली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत (लोखंड वितळवून वस्तू ओतण्याचा कारखाना) तीन महिन्यांपूर्वी बारा यंत्रमानव दाखल झाले होते. ते दमत नव्हते, सुट्टी मागत नव्हते. तरीही फाटकावर पाटी होती, 'कुशल कामगार पाहिजेत.'

अकरा वर्षांच्या मैथिलीला हे कोडं काही सुटेना. तिची आई, अंजना सुतार, या फौंड्रीची व्यवस्थापक होती.

"आई, सगळी कामं यंत्रमानव करतात, मग माणसं कशाला?"

"यंत्रमानव आले तेव्हा मलाही असंच वाटलं होतं," असं म्हणत आईने टेबलावरचं लोखंडी झाकण तिच्यापुढे सरकवलं. त्यावर मसुराएवढी भोकं होती. या झाकणावाचून डोंगरावरच्या एका गावाचा पंप बंद पडला होता आणि गाव टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतं. झाकण सहा वेळा ओतलं, सहाही वेळा भोकं पडली.

"साच्याच्या वाळूत ओलावा साडेतीन टक्के. योग्य आहे," हस्तक नावाचा यंत्रमानव शांतपणे म्हणाला. सहाही वेळा तो हेच म्हणाला होता.

आईने झाकण बाजूला सारलं. मग उठली. "चल, इलाहीचाचांकडे जाऊ."

इलाही मुजावरांनी चाळीस वर्षं इथे वाळूचे साचे (ज्यात वितळलेलं लोखंड ओततात ते आकार) बनवले होते. यंत्रमानव आल्यावर आईनेच त्यांना घरी पाठवलं होतं. चाचा अंगणात लसूण सोलत बसले होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, पण यायला साफ नकार दिला.

"आता यंत्रं आहेत की तुमच्याकडं."

"तुमची गरज नाही असं मी म्हणाले, चाचा. चुकलंच माझं. पंपाचं झाकण सारखं बिघडतंय आणि डोंगरावरच्या गावाला पाणी नाही."

आईला अशी मान खाली घालून बोलताना मैथिलीने कधी पाहिलं नव्हतं. चाचांनी सावकाश चहा संपवला.

"गावाला पाणी नाही म्हणता?" त्यांनी विचारलं आणि चपला पायात सरकवल्या.

फौंड्रीत येताच त्यांनी मूठभर वाळू घट्ट दाबली आणि तो गोळा मोडून पाहिला. "चांगल्या वाळूचा गोळा खटकन मोडतो. हा चिकटतोय. वाळू ओली आहे."

"साडेतीन टक्के," हस्तक म्हणाला.

"मग तुझा काटा खोटं बोलतोय, बाबा!"

आईने संवेदक (ओलावा मोजणारं उपकरण) उपसून काढला. त्याच्या टोकावर, वाळूत मिसळलेल्या चिकणमातीचं सुकलेलं पुट चढलं होतं. तो वाळूऐवजी त्या पुटाचाच ओलावा मोजत होता!

"पण ओल्या वाळूने भोकं कशी पडतात?" मैथिलीने विचारलं.

"तापलेलं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते," चाचा म्हणाले. "तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकते."

"आता तुझं कोडं," आई म्हणाली. "यंत्र आठवड्यात बसवता येतं. पण ते कधी चुकतंय हे ओळखणारा माणूस घडायला वर्षं लागतात. कारखाने झपाट्याने बदलले आणि तशी माणसं पुरेशी घडलीच नाहीत. याला कौशल्यतुटवडा म्हणतात (काम आहे, माणसंही आहेत, पण त्या कामाचं ज्ञान असलेली माणसं कमी)."

"मला तरी यंत्रांच्या पडद्यावरचे आकडे कुठं कळतायत?" चाचा पुटपुटले.

"मी दाखवते ना!" मैथिली म्हणाली.

संवेदक पुसून घेतला, ओल्या वाळूत कोरडी वाळू मिसळली. सातवं झाकण गुळगुळीत निघालं आणि दुसऱ्याच दिवशी डोंगरावर पोहोचलं.

पुढच्या सोमवारपासून फौंड्रीत रोज सकाळी वर्ग भरू लागला. फौंड्रीजवळच्या गावातल्या नऊ मुलामुलींना चाचा वाळू शिकवत. मग चाचाही त्यांच्याच बाकावर बसत आणि पडद्यावरचे आकडे वाचायला शिकत.

शाळेला सुट्टी असल्यामुळे मैथिलीही तिथे होती. तिने वाळू दाबली, गोळा मोडला. तो भुसभुशीत होऊन बोटांमधून गळून गेला.

"कोरडी?" तिने विचारलं.

"कोरडी," चाचा हसले. "बघ, तुझं तुलाच कळलं की! घे, अजून एक मूठ घे."

मैथिलीने बाह्या वर सारल्या आणि वाळूत हात घातला.